ज्यांच्या कानात मंदी सांगितली

सोमवारची दुपार झाली की त्या रिकाम्या वखारीसमोर चपलांचे ढीग पडायचे. आत जाताना काढलेली चप्पल बाहेर येताना मिळेलच असं नव्हतं. पण बाहेर येणाऱ्याला त्याचं भान कुठं असायचं! एकजण तर एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून बाजारापर्यंत चालत गेला. लोक हसले तेव्हा म्हणाला, "हसा, हसा. शनिवारी बघू कोण हसतंय ते."

गाव कापसावर जगणारं होतं. पिंजणारे, गाद्या भरणारे, सूत रंगवणारे, रिळं विकणारे, शिंपी. कुणाच्याही घरात शिरा, बाहेर येताना बाहीला एखादा तंतू चिकटलेला असायचाच. दर शनिवारी बाजाराच्या फळ्यावर कापसाचा भाव खडूनं लिहिला जाई आणि गावाचा चेहरा त्याप्रमाणे उजळे नाहीतर उतरे. तो भाव चढणार की उतरणार हे सोमवारीच सांगणारा माणूस आता गावात आला होता.

त्याला सगळे कानबाबा म्हणत. गोरा, गुबगुबीत, आवाज असा की लोण्यातून सुरी फिरावी. तो मोठ्यानं काही सांगतच नसे. लोक सतरंज्यांवर बसत, बाबा एकेकाच्या कानाशी वाकत आणि एकच शब्द सांगत, 'तेजी' किंवा 'मंदी'. बस्स. तो शब्द कुणालाही सांगायचा नाही. नवऱ्यानं बायकोला नाही, आईनं लेकाला नाही. सांगितला की ऐकणाऱ्याच्या घराची धूळधाण. मोठ्यानं जे काय बोलायचं ते बाबांचा चष्मेवाला चेला बोलायचा.

"कापूस हलका, मन जड! मन हलकं करा, कापूस जड होईल!"

"म्हणजे काय हो?" असं एका रिळवाल्यानं विचारलं तेव्हा चेल्यानं कानांना हात लावले. "अर्थाच्या मागे लागलात की अर्थ जातो, रिळवाले!"

रिळवाला मान डोलवत खाली बसला. काहीच कळलं नाही म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं असणार, असं मानायची आपल्या लोकांना जुनीच खोड. एका शनिवारी भाव जागचा हललाच नाही, तर चेला म्हणाला, "बाबांनी भाव धरून ठेवलाय. तुमची सबुरी बघताहेत." त्यावरही लोकांनी हात जोडले.

त्या गर्दीत गादीवाल्या बहिणीही होत्या. थोरली नवऱ्यामागं माहेरी परतलेली, धाकटीनं लग्नच केलं नव्हतं. वडिलांचा गादीकारखाना दोघींनी मिळून पुढं चालवला होता. धाकटीला सगळे पिंजू म्हणत, कारण तान्ही असताना ती पाळण्यात रडायची आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर ठेवली की गुडूप झोपायची. थोरली गिऱ्हाईक बघे, खोळी बेतून शिवून घेई, दाभणानं गादीला टाके घाली. कापसाची खरेदी मात्र पिंजूची. डोळे मिटून चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांमध्ये ओढायची आणि सांगायची, "हा गेल्या सालचा आहे, काका. दमट खोलीत ठेवला होता. उगीच नव्याच्या भावात विकू नका." व्यापारी तिला घाबरत आणि तिच्यावर जीवही टाकत.

दोघी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत एका वर्गाला जात. हिशेबाच्या बाईंचा तो वर्ग. बाई शाळेत वाणिज्य शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि दुकान चालवणाऱ्या बायकांना व्यवहारातले शब्द फुकट समजावून सांगत. पिंजू असली की वर्गात हशा ठरलेला.

"भांडवल म्हणजे काय?" एकदा बाईंनी विचारलं.

"नवऱ्यानं अजून उडवला नाही तो पैसा!" शिंपीणबाई म्हणाली.

"अगदी चूक नाही हं," बाई हसून म्हणाल्या. "गादीतला कापूस म्हणजे भांडवल. वरची चादर म्हणजे नफा. चादर विका, वापरा, कुणाला देऊन टाका. पण गादी उसवून कापूस काढायला लागलात, तर रात्री पाठीला फळ्या लागणार. आता सांगा, जोखीम म्हणजे काय?"

"पुढं काय होईल ते ठाऊक नाही, पण घेतल्याशिवाय सुटका नाही," पिंजू म्हणाली. "म्हणजे आमच्या ताईच्या हातचा चहा."

"थांब, घरी चल तू!" थोरली म्हणाली. सगळ्याजणी हसून हसून बेजार.

"आणि नमुना?" बाईंनी विचारलं. "सगळा माल तपासता येत नाही, तेव्हा आपण थोडासा बघून बाकीच्याचा अंदाज करतो. तो थोडासा कसा निवडायचा?"

याचं उत्तर पिंजूनं दिलं तेव्हा ती थट्टेत नव्हती. "कापसाची गाठ फोडायची आणि कोपरापर्यंत हात आत घालायचा. मधला काढायचा, तळचा काढायचा. वरचा थर व्यापाऱ्यानं मुद्दाम लावलेला असतो. तो बघून गाठ घेणारा एक तर आंधळा, नाहीतर व्यापाऱ्याचा जावई."

"हे वहीत लिहून घ्या सगळ्यांनी," बाई म्हणाल्या. "माझ्या पुस्तकात यापेक्षा चांगलं दिलेलं नाही."

अशी ती पिंजू. आणि तीच पिंजू थोरलीच्या आग्रहाखातर तिच्याबरोबर वखारीत गेली. हंगामाची खरेदी तोंडावर आली होती. भाव आधी कळला तर कोणाला नको आहे? "चल ग, ऐकून तर येऊ. कानच आहेत, झिजणार आहेत का?" थोरली म्हणाली होती.

आत दोन सतरंज्या अंथरलेल्या, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. उजवीकडे भिंतीशी एकच जागा उरलेली. थोरलीची कंबर वाकून टाके घालण्यानं कायमची धरलेली. पिंजूनं तिला तिथं ढकललं. "तू भिंतीला टेक, ताई. मी पलीकडं बसते." आणि ती डावीकडच्या सतरंजीवर जाऊन बसली.

बाबा दोघींच्या कानाशी वाकले. दोघी गप्प घरी आल्या. शनिवारी भाव चढला. थोरली बाजारातून जवळजवळ धावतच आली.

"पिंजू, माझा बोल खरा झाला ग! अंगावर काटा आला बघ, हा बघ! तुझाही झाला ना?"

पिंजू पिंजणयंत्राचे दात साफ करत होती. तिनं वर बघितलं नाही. "सांगायचं नसतं ना, ताई."

पुढच्या सोमवारी चेला वखारीच्या दारातच उभा होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाला एकच सवाल. "गेल्या खेपेचा बोल खरा झाला?" थोरली हो म्हणाली, आत गेली. पिंजूला खोटं बोलता येत नसे. तिनं नकारार्थी मान हलवली.

चेल्यानं चष्मा पुसला आणि रस्ताभर ऐकू जाईल असं ओरडला, "बाबांचा बोल चुकत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात किंतु असतो! मन धुऊन या, बाई. सोमवार निर्जळी करा. तोवर बाहेर!"

लोक वळून बघायला लागले. पिंजू रस्त्याच्या कडेला, चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिली. थोरली बाहेर आली तेव्हा ती तिथंच होती.

"ताई, माझ्या मनात खरंच होतं ग," ती वाटेत म्हणाली. "तो वाकला तेव्हा मला हसू आलं होतं. त्याच्या कानातल्या केसांकडे बघून. म्हणून झालं असेल का?"

इथं थोरलीनं हसायला हवं होतं. कानातले केस! दुसऱ्या कुठल्याही दिवशी दोघी रस्त्यात पोट धरून हसल्या असत्या. पण थोरली म्हणाली, "देवादिकांच्या ठिकाणी थट्टा बरी नाही, पिंजू."

पिंजूनं सोमवार धरले. पाण्याचा थेंब न घेता यंत्रावर उभी राहायची. थोरलीचा बोल मात्र पुन्हा खरा झाला, आणि त्यानंतर पुन्हा. थोरली वखारीत पुढच्या रांगेत बसू लागली. लोक तिला वाट करून देऊ लागले. आयुष्यभर वाकून टाके घातलेल्या बाईला लोकांनी वाट करून दिली की तिला काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. एका सोमवारी 'तेजी' सांगून झाल्यावर बाबा तिच्या कानाशी जरा जास्त वेळ थांबले.

"माई, तुझं मन आरशासारखं आहे. पण तुझ्या घरात एक किंतु राहतो. हंगामाचं भांडवल आणि भांडारातला कापूस त्याच्या हाताखालून जाऊ देऊ नकोस. भांडवल इथं माझ्या पायाशी आणून ठेव. मी खरेदी करीन, तू दामदुप्पट घेऊन जा."

त्या संध्याकाळी थोरलीनं पिंजूकडे भांडाराची किल्ली मागितली.

"का ग?"

"थोडे दिवस. तुझं ते सगळं नीट होईस्तोवर."

"माझं काय सगळं?"

"तुलाही ठाऊक आहे," थोरली म्हणाली. "तुझा हात... सध्या नको लावूस कापसाला. उगीच विषाची परीक्षा कशाला?"

पिंजूनं दोन्ही तळवे समोर धरले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे बघितले. मग किल्ली काढून दिली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आठवडा सरायच्या आत ती दूरच्या एका शहरात निघून गेली. तिथल्या इस्पितळात चादरी आणि पडदे शिवायला बाई हवी होती. निघताना म्हणाली, "तुझी कंबर जप. यंत्राचा पट्टा सैल झालाय, बदलून घे." आणि खाली वाकून थोरलीच्या पाया पडली. यापूर्वी कधीच पडली नव्हती.

काही दिवसांनी हिशेबाच्या बाई जुनी उशी काखोटीला मारून कारखान्यात आल्या. "यातला कापूस मेला आहे. पिंजूला म्हणावं, जरा जिवंत काहीतरी भर. कुठाय ती?"

थोरलीनं सांगितलं, बाबांच्या पायाशी भांडवल ठेवून आल्याचंही. पहिल्यांदा ताठ मानेनं, मग जरा अडखळत. बाई उशी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या.

"तुझा बोल किती वेळा खरा झाला?"

"दरवेळी! बाई, मी काही खुळी नाही. एकदा झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं."

"आणि वखारीत इतर बसतात, त्यांचे?"

"सगळ्यांचे खरे होतात. विचारा हवं तर!"

"ज्यांचे खोटे झाले, ते कुठं बसतात?"

"ते येत नाहीत. त्यांना आत घेतच नाहीत."

बाईंनी उशीची शिवण नखानं उसवली आणि आतला कापूस टेबलावर काढला. "हा ढीग म्हणजे पहिल्या सोमवारची माणसं. भाव हलला नाही, तर तो आठवडा 'सबुरी'त गेला. हलला, तर एक तर चढणार, नाहीतर उतरणार. तिसरं घर नाही. मी काय करीन, निम्म्यांना सांगेन तेजी, निम्म्यांना मंदी." त्यांनी ढीग मधोमध दुभागला. "भाव चढला. हे निम्मे खोटे पडले." एक भाग त्यांनी हातानं टेबलाखाली लोटला. "राहिलेल्यांचे पुन्हा दोन भाग. पुन्हा निम्मे खाली. पुन्हा. आता बघ, उरलं काय? एवढासा पुंजका. पण या पुंजक्यातल्या प्रत्येकाला काय वाटणार? बाबा एकदाही चुकला नाही! आणि मी तर काहीच केलं नाही ग. मला भाव कळायचीसुद्धा गरज नाही."

थोरली टेबलावरच्या पुंजक्याकडे बघत राहिली. "पण त्यानं तसं केलं हे कशावरून?"

"बरोबर विचारलंस. हा अजून माझा नुसता अंदाज आहे. नमुना तपासायला हवा. गाठ घेताना तू काय बघतेस, वरचा थर?"

"छे! पिंजू म्हणते ना, वरचा थर व्यापाऱ्यानं मुद्दाम..." थोरली बोलता बोलता थांबली.

"वखारीत बसलेली माणसं म्हणजे वरचा थर," बाई म्हणाल्या. "आता कोपरापर्यंत हात घालायचा."

पुढच्या सोमवारपर्यंत बाई, ज्यांचं वखारीत जाणं बंद झालं होतं, त्यांच्या घरोघरी फिरल्या. थोरली बरोबर होती. काय काय बघितलं तिनं! रंगाऱ्यानं बायकोच्या सांगण्यावरून दिवसभर देव्हाऱ्यापुढं बसायला सुरुवात केली होती. दुधवाल्या म्हाताऱ्याशी त्याचा मुलगा बोलत नव्हता. त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की अख्ख्या गावात आपणच एकटे करंटे. म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. बोल काय होता ते सांगायलाही कुणी तयार होईना.

"अहो, खरा बोल फोडायचा नसतो," बाई त्यांना म्हणत. "तुमचा तर खोटा निघाला. खोट्याची कसली शपथ?"

तेव्हा मग एकेकजण खालच्या आवाजात सांगे. पिंजूच्या त्या पहिल्या सोमवारी ज्याचा बोल खोटा ठरला होता, तो जो तो सांगे, मंदी. मंदी. मंदी. आणि त्याच दिवशी, त्याच वखारीत, थोरलीच्या कानात पडली होती तेजी.

सोमवारी वखार नव्याजुन्या माणसांनी फुलून गेली होती. बाबांची फेरी संपली, चेला भांडवल गोळा करायची पेटी पुढं आणू लागला, तेवढ्यात बाई मागून उठल्या.

"एक विनंती आहे. बोल तोंडानं सांगायचा नाही, हे मान्य. कुणीही तोंड उघडू नका. फक्त ज्यांना आज तेजी मिळाली त्यांनी उजवा हात वर करा, मंदी मिळाली त्यांनी डावा."

"हातानं सांगणं म्हणजे सांगणंच!" चेला किंचाळला.

"हात कधीपासून बोलायला लागले हो?" रिळवाला म्हणाला. एकदा त्याला गप्प बसवलं होतं, ते त्यानं मनात ठेवलं होतं बहुतेक. त्यानं आपला उजवा हात वर केला.

आधी कुणी हलेना. मग थोरली उठली. आज ती डावीकडे बसली होती. तिनं डावा हात वर केला आणि तसाच ठेवला. तिच्या शेजारणीनं तिच्याकडे बघून डावा वर केला. पलीकडून उजवे. बघता बघता उजव्या सतरंजीवर उजव्या हातांचं आणि डाव्या सतरंजीवर डाव्या हातांचं रान उभं राहिलं. मधली वाट तेवढी मोकळी. लोक वर बघत होते, एकमेकांकडे बघत होते.

"येत्या शनिवारी भाव चढला तर ही बाजू म्हणेल बाबा खरा," बाई म्हणाल्या. "उतरला तर ती बाजू म्हणेल. आणि दुसऱ्या बाजूला सांगितलं जाईल की तुमच्या मनात किंतु आहे. चमत्कार एवढाच आहे, मंडळी. दोन सतरंज्या."

मग जो गदारोळ उठला त्यात बाबा मागच्या खिडकीतून सटकले. आकार खिडकीला न मानवल्यामुळे अडकले, असं लोक पुढं बरीच वर्षं रंगवून सांगत. पोलीस आले. पेटीतलं भांडवल ज्याचं त्याला परत मिळालं. शिंप्यानं सगळ्यांना चहा पाजला. गावाच्या लेखी गोष्ट तिथं संपली.

थोरली मात्र त्या गदारोळात भिंतीशी उभी होती. उजव्या सतरंजीच्या टोकाला. हीच ती जागा. तू भिंतीला टेक, ताई. त्या दिवशी तिची कंबर दुखत नसती, किंवा पिंजूला तिच्या कंबरेची एवढी काळजी नसती, तर तेजी पिंजूच्या कानात पडली असती. किंतु नव्हता, पाप नव्हतं, थट्टा नव्हती. प्रेमानं एक जागा सोडली होती, बस्स.

दुसऱ्याच दिवशी ती बहिणीच्या शहरात गेली. इस्पितळाच्या मागच्या बाजूला, धुण्याच्या खोलीशेजारी शिवणाची खोली होती. पिंजू खिडकीशी मशीनवर बसून चादरींना दुमड घालत होती. वाळली होती. थोरलीनं दारातच सगळं सांगायला सुरुवात केली. दोन सतरंज्या, टेबलावरचा कापूस, वर झालेले हात. मधेच रडली, मधेच बाबाच्या खिडकीचं सांगून हसवायला बघितलं. पिंजूनं सगळं ऐकलं.

"म्हणजे माझ्यात काही नव्हतं?"

"काही म्हणजे काही नव्हतं ग, राणी. भाव चढला आणि तू डावीकडं होतीस. त्याला कारणच नाही. चल, घरी चल."

पिंजूनं मशीनमधून चादर सोडवली, नीट घडी केली. "कळलं, ताई. बाईंनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार. पण परवा इथं उशा भरायच्या होत्या. कापसाला हात लावायला गेले आणि हात मागं घेतला. वाटलं, माझ्या हातानं बिघडेल. आजाऱ्यांच्या उशा त्या. आता तू सांगितलंस ते मला कळतंय, पण वाटायचं काही थांबत नाही."

"थांबेल. हळूहळू थांबेल."

"थांबेल कदाचित." तिनं घडी बाजूला ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारावं तसं तिनं विचारलं, "ताई, त्या बाबाचं मला काही वाटत नाही. त्याला मी कोण? डावीकडची एक बाई. कुणाला तरी मंदी सांगायचीच होती त्याला. पण तू मला पाळण्यापासून बघितलंस. तुला ते खरं कसं वाटलं?"

थोरलीनं तोंड उघडलं. योगायोग, नमुना, शक्यता, बाईंनी शिकवलेला एकेक शब्द तिच्याजवळ होता. बाबानं काय केलं ते सगळं त्या शब्दांत सांगता येत होतं. तिनं स्वतः काय केलं, ते सांगायला त्यांतला एकही उपयोगी पडेना.

पिंजूनं उत्तराची वाट बघितली आणि मग बहिणीची अडचण ओळखून स्वतःच विषय बदलला. कंबर कशी आहे, पट्टा बदललास का, जेवून जा, असं म्हणाली. संध्याकाळच्या गाडीला सोडायला आली. खिडकीतून थोरलीचा हात धरला आणि गाडी हलेपर्यंत धरून ठेवला. पण ती घरी आली नाही. त्या वर्षी नाही, आणि पुढंही नाही. सणवाराला भेटी झाल्या, एकमेकींची दुखणीखुपणी काढली, प्रेमात उणं पडलं नाही. कारखान्यात मात्र ती पुन्हा कधी पाऊल टाकू शकली नाही. थोरलीनं कापूस पारखायला दुसरा माणूस ठेवला.

आता ती वखारही राहिली नाही आणि बाजारातला तो खडूचा फळाही नाही. कानाशी वाकणारे मात्र आजही भेटतात. कुणी भाव सांगतो, कुणी दुखणं बरं करतो, कुणी नशीब. त्यांच्यापुढं ज्यांचं भलं झालं ते मोठ्यानं बोलत असतात. ज्यांचं झालं नाही ते घरी मान खाली घालून बसलेले असतात. तेव्हा कुठं चमत्कार ऐकलात, तर गर्दीत कोण आहे ते बघू नका. कोण नाही ते विचारा, आणि त्यांच्या घरी जाऊन या. हे काम अवघड नाही. त्याला पदवी लागत नाही, थोडे पाय झिजवावे लागतात.

आणि एखाद्या परक्यानं तुमच्या घरातल्या माणसाकडे बोट दाखवून सांगितलं की दोष याच्यात आहे, तर त्याच्याकडे पुरावा मागा. तो पुरावा मिळेपर्यंत, आपल्या माणसाला दाराबाहेर उभं करू नका. भांडवल बुडालं तर माणूस पुन्हा उभं करतो. थोरलीचं तर बुडालंसुद्धा नाही, सगळं परत आलं होतं.